डिलीट केलं, मग गेलं कुठं?

दिवाळीला घरी गेलं की पुण्यात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला एक काम ठरलेलं असतं. घरचा कॉम्प्युटर ‘बघणे’. इंदापूरला पोचलो, चहा व्हायच्या आत आण्णा म्हणाले, “हा डबा बघ जरा. चालू करून अंघोळ करून आलं तरी उघडत नाही.”

२०१० सालचा डेस्कटॉप. विंडोज सेव्हन. सी ड्राइव्हची पट्टी लालभडक. मी बाह्या सरसावल्या. जुनं दिसेल ते शिफ्ट-डिलीट! वर नेटवरून एक ‘क्लीनर’ उतरवून टाकला. मशीन किंचित हललं, पण पळालं काही नाही.

संध्याकाळी आईनं विचारलं, “आजीचे पालखीतले फोटो कुठंयत रे?”

तुकोबांची पालखी इंदापूरला मुक्कामी असताना आजी वारकऱ्यांना पिठलं-भाकरी वाढतेय, ते फोटो. ते ‘न्यू फोल्डर (३)’मध्ये होते, आणि तो मी सकाळीच उडवला होता. आजी आता नाही. दुसरी कॉपीही नाही.

दुसऱ्या दिवशी मशीन डिकीत घालून बारामती गाठली. भिगवण रोडवरच्या रिपेअरवाल्यानं पहिलाच प्रश्न टाकला, “डिलीट केल्यावर यावर काय काय केलं?” क्लीनरचं सांगितल्यावर त्यानं नुसती मान हलवली.

मंडळी, फाइल डिलीट करणं म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव कमी करणं. शेतात ऊस उभाच असतो. ‘ही जागा मोकळी’ एवढीच नोंद होते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथंच राहतो. आमच्या तालुक्यातलं पळसदेवचं जुनं देऊळ उजनीच्या पाण्यात गेलंय, पण पाणी खूप खाली गेलं की ते दिसतं. तसंच हे.

मग स्पीडचं काय? साठवलेली फाइल बिचारी गप्प पडून असते. त्रास होतो तो डिस्क गच्च भरल्यावर. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवरच जागा शोधतं. शिवाय सलग जागा नसेल तर नवी फाइल तुकड्या-तुकड्यांत बसते. जुनी हार्ड डिस्क म्हणजे मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या मारणारी तबकडी. ते तुकडे गोळा करायला तिच्या वाचणाऱ्या दांडीला सारखं इकडून तिकडं पळावं लागतं. डिलीट केल्यानं जागा होते, तुकडे जुळत नाहीत. त्यासाठी डिफ्रॅग करायचं असतं.

खरा फरक पडला तो एसएसडी बसवल्यावर. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे डिफ्रॅगची कटकटही नाही. पण गंमत बघा, डिलीट झालेली जागा कोणती हे विंडोज तिला ‘ट्रिम’ नावाच्या आज्ञेनं कळवतं आणि ती स्वतःच ती जागा साफ करते. तिथं देऊळ सहसा पुन्हा वर येत नाही.

साफसफाईआधी एवढं करा
• आधी बॅकअप, मग डिलीट. ‘न्यू फोल्डर’ उघडून बघा.
• रिसायकल बिन रिकामा केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही.
• मशीनबरोबर आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद करा.
• चुकून काही उडालं तर मशीन लगेच बंद. नवं काहीही टाकू नका.
• विंडोज सेव्हनचा सपोर्ट जानेवारी २०२०मध्येच संपलाय. त्यावर बँकेची कामं नकोत.

बरेचसे फोटो परत मिळाले. क्लीनर जिथं जाऊन बसला, तिथले गेले. एका फोटोचा खालचा अर्धा भाग नुसता करडा आहे. आजीचा चेहरा दिसतो, भाकरी वाढणारे हात दिसत नाहीत. आईनं तोच स्क्रीनवर लावलाय.

आता मशीन झटक्यात उघडतं. आण्णा खूश आहेत. आई मात्र म्हणाली, “अंघोळ करून येईपर्यंत उघडत होता की रे. काय घाई होती?”