रातथाऱ्याजवळ कसं बसावं

अमेरिकेत रानटर्कीचे शिकारी आदल्या सांजेलाच पक्षी कुठल्या झाडावर चढला ते हेरून ठेवतात. पहाटे अंधारात येऊन त्या झाडापासून बऱ्याच अंतरावर दबा धरून बसतात आणि टर्की खाली उतरायची वाट बघतात. आपल्याकडे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ची दुरुस्ती यांनी शिकारीचा विषय संपवला, आणि ते फार चांगलं झालं. बसण्याची ती विद्या मात्र टाकून देण्यासारखी नाही. कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या काठानं बगळ्यांचा रातथारा (रात्रीच्या मुक्कामाची जागा) पाहायचा, तर तीच कामी येते.

निम्मं काम आदल्या संध्याकाळी होतं. सूर्य मावळायच्या तासभर आधी उघड्या जागी उभं राहून बगळ्यांच्या रांगा कुठून येतात आणि कुठल्या दिशेनं जातात ते बघावं. गायबगळे दिवसभर उसाच्या फडात, नांगरटीमागे किडे वेचतात आणि सांजेला परततात. पहिल्यांदा जिथं उतरतात ती मुक्कामाची जागा असेलच असं नाही. बऱ्याचदा ते आधी एखाद्या रानात किंवा काठावर जमतात आणि अंधारता अंधारता झाडावर जातात. म्हणून शेवटचा थवा बसेपर्यंत हलू नये. खात्री दिवसा होते: झाडाखाली पांढऱ्या शिटेचा सडा आणि उग्र वास. पाण्यात उभी किंवा पाण्यावर झुकलेली झाडं त्यांना जास्त आवडतात, कारण तिथं रानमांजर सहज पोचत नाही. तलावाचं पाणी उन्हाळ्याकडे ओसरतं, तेव्हा गेल्या हंगामातलं झाड यंदाही धरून चालू नये.

झाड कुणाच्या रानालगत असेल तर आधी विचारावं. "मामा, पहाटं बांधावर बसलो तर चालंल न्हवं?" एवढं पुरतं. बगळे कुठं बसतात हे त्या मामांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

आता जागा. झाडाच्या पूर्वेला, निदान साठ-सत्तर पावलांवर बसावं, म्हणजे उगवतीचं ऊन आपल्या पाठीशी आणि पक्ष्यांच्या अंगावर येतं. वारं असेल तर तेही ध्यानात घ्यावं. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उडतात, त्यामुळे वारं पाठीवर असेल तर थवा आपल्याच दिशेनं उठतो. ऊन आणि वारं जुळत नसेल तर मी उन्हाची बाजू धरीन. काल ज्या वाटेनं रांगा आल्या, ती मात्र अडवायची नाही. पाठीला बांध किंवा झुडूप असावं; उघड्यावर आपली आकृती लांबून उठून दिसते. कपडे मातकट, पांढरे नकोत. वासाची फार काळजी नको, बगळ्याचा सगळा भरवसा डोळ्यांवर.

डिसेंबरात कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणून सहाला जागेवर असावं. बॅटरीला लाल कापड बांधून झोत जमिनीकडेच ठेवावा. बसायची जागा मात्र नीट बघूनच बसावं, उसाच्या रानात घोणस असते. झाडावर माना एकदम ताठ झाल्या, की आपण फार जवळ आलो असं समजून तिथूनच मागे सरावं. अंधारात उठवलेला पक्षी फांद्यांना, तारांना धडकतो.

मग पाळी बदलते. रात्रभर पाण्याकाठी मासे टिपलेले रातबगळे 'वॉक, वॉक' करत परतू लागतात आणि त्याच सुमाराला झाडावरचे बगळे पंख झटकून उठायला लागतात. आधी दोन-चार, मग एकदम थवा. अर्ध्या-पाऊण तासात झाड रिकामं. पाणकावळे असतील तर तेही पाण्याकडे निघतात. हे सगळं बसल्या जागेवरूनच बघावं. शेवटचा पक्षी गेल्याशिवाय उठू नये.

पावसाळ्यात हीच झाडं घरट्यांची असतात. त्या दिवसांत आई-बाप उठले की अंडी कावळ्या-घारींच्या तोंडी जातात. तेव्हा जून ते सप्टेंबर काठावर लांबच उभं राहा, दुर्बिणीनं बघा आणि झाडाजवळ बसायचं हिवाळ्यावर ठेवा.