कुहीच्या मातीतलं टंगस्टन आणि संशोधनावरचा सरकारी पैसा

(कुही येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

आजचा विषय कागदावर जरा अवघड वाटतो : प्रगत पदार्थांवरचं संशोधन, त्यात उद्योग आणि विद्यापीठं यांची भागीदारी, आणि त्याला मिळणारा सरकारी पैसा. पण या विषयाचा एक धागा तुमच्या तालुक्याच्या जमिनीखालून जातो, म्हणून आपण तिथूनच सुरुवात करू.

बोअरवेलची गाडी शेतात आली की काळा खडकसुद्धा फोडत खाली जाते, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. ज्या बिटनं खडक फुटतो त्याच्या तोंडावर गोल, चकचकीत बटणं बसवलेली असतात. बिटचं अंग पोलादाचं असतं, बटणं मात्र टंगस्टन कार्बाइडची. हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये खरादवाल्याला विचारा, तो याच पदार्थाला 'विडिया' म्हणेल. हे मूळचं जर्मन व्यापारी नाव, अर्थ 'हिऱ्यासारखं'. १९२३ साली बर्लिनमध्ये दिव्यांच्या कारखान्याशी जोडलेल्या एका प्रयोगशाळेत कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडच्या भुकटीत कोबाल्ट मिसळून ती भाजली आणि त्यातून हा पदार्थ निघाला. दिव्याच्या तारा ओढायला हिऱ्याचे साचे लागायचे, ते महाग पडायचे. त्याला पर्याय हवा होता. म्हणजे गरज कारखान्याची होती आणि उत्तर प्रयोगशाळेचं. पुढे क्रुप कंपनीनं १९२६च्या सुमारास तो बाजारात आणला.

आता कुहीकडे या. भूगर्भशास्त्रात 'साकोली समूह' नावाचे फार जुने खडक आहेत, ते भंडाऱ्याकडून तुमच्या तालुक्यात शिरतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कागदपत्रांत 'कुही–खोबना–आगरगाव' असा एक पट्टा नोंदवलेला आहे आणि तो टंगस्टनसाठी ओळखला जातो. जवळच कोलारी–भावरी भागात जस्ताची नोंद आहे. टंगस्टनची दोन मुख्य खनिजं, वुल्फ्रामाइट आणि शीलाइट. शीलाइटची गंमत अशी की अतिनील दिव्याच्या उजेडात ते निळसर चमकतं, म्हणून त्याचा शोध घेणारे लोक रात्री दिवा घेऊन फिरतात.

मग खाण का नाही?

कारण इथलं खनिज कमी प्रतीचं आहे. शंभर किलो दगडात टंगस्टनचा वाटा एक किलोच्याही बराच खाली. समजा, एखाद्या जागी तो ०.२ टक्के आहे. म्हणजे एक टन दगड फोडला तर हाती दोन किलो ऑक्साइड, तेही सगळं निघालं तर. बाजारात विकण्याजोग्या सांद्रात मात्र ते ६५ टक्क्यांच्या आसपास लागतं. म्हणजे तीनशेपटीहून जास्त गाळणी करायची. जगातल्या चालू खाणींतही टंगस्टन पुष्कळदा एक टक्क्याच्या आतच असतं, त्यामुळे कमी प्रत म्हणजे काम संपलं असं होत नाही. तो दगड किती खोल आहे, किती सलग आहे, आणि त्यातून धातू परवडेल अशा खर्चात काढण्याची युक्ती आपल्याकडे आहे का, यावर सगळं ठरतं. यातली शेवटची गोष्ट संशोधनाची आहे.

ती युक्ती म्हणजे एक लांब साखळी. दगड दळायचा. शीलाइट गारगोटीच्या दुपटीहून जड असतं, म्हणून पाण्याच्या प्रवाहात हलवून, सुपात पाखडावं तसं ते वेगळं करायचं. उरलेलं फेसात तरंगवून काढायचं. मग रसायनांत विरघळवून एक शुद्ध क्षार तयार करायचा, तो तापवून ऑक्साइड, त्यावर हायड्रोजन सोडून टंगस्टनची भुकटी. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, सगळ्या धातूंत सर्वांत वर, म्हणून ते लोखंडासारखं ओतून घडवणं परवडत नाही. भुकटी कार्बनबरोबर तापवून कार्बाइड करतात, त्यात कोबाल्ट मिसळून साच्यात दाबतात आणि १४०० अंशांच्या आसपास भाजतात. कुंभाराचं काम म्हणा हवं तर, फक्त माती वेगळी आणि भट्टी फार कडक. या साखळीत सात-आठ टप्पे आहेत, आणि त्यातला एकही कच्चा राहिला तर बोअरच्या बिटवरचं बटण पहिल्याच खडकावर तुटतं.

आत्ताच घाई कशाची?

जगातलं बहुतांश टंगस्टन चीनमधून येतं. ४ फेब्रुवारी २०२५ रोजी चीननं टंगस्टन, टेल्युरियम, बिस्मथ, मॉलिब्डेनम आणि इंडियम यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं. आपल्याकडे राजस्थानात देगाना इथं खाण होती, ती गेल्या शतकातच बंद पडली. रणगाडाभेदी गोळ्यांपासून लेथच्या टूलपर्यंत जे टंगस्टन लागतं, त्याची मदार मुख्यतः आयातीवर आहे. केंद्र सरकारनं २०२३ साली ३० महत्त्वपूर्ण खनिजांची यादी केली, तीत टंगस्टन आहे आणि कोबाल्टही. २९ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रीय क्रिटिकल मिनरल मिशनला मंजुरी मिळाली : सरकारी खर्च १६,३०० कोटी, आणि सार्वजनिक कंपन्यांकडून अपेक्षित गुंतवणूक १८,००० कोटी.

पैसा कुठे अडतो

आंभोऱ्याला वैनगंगेवर पूल झाला, त्याआधी लोक नावेनं पलीकडे जायचे. संशोधनाचंही तसंच आहे. अलीकडच्या काठावर महाविद्यालयं : परीक्षानळीत शंभर ग्रॅम शुद्ध भुकटी निघाली, शोधनिबंध छापला, पीएच.डी. झाली. पलीकडच्या काठावर कारखाना : त्याला महिन्याला काही टन भुकटी हवी, दर खेपेला तंतोतंत सारखी. मधलं पात्र रुंद आहे. शंभर ग्रॅमचं शंभर किलो करताना भट्टीचं तापमान सगळीकडे सारखं राहत नाही, हायड्रोजन आत नीट पोचत नाही, सांडपाणी किती निघतं ते तेव्हा कळतं. या टप्प्याला प्रायोगिक संयंत्र लागतं आणि त्याला कोट्यवधी रुपये लागतात. प्राध्यापकाच्या अनुदानात ते बसत नाही. कंपनी म्हणते, सिद्ध झाल्यावर या. बँक म्हणते, तारण काय?

तंत्रज्ञानाची तयारी मोजायला एक ते नऊ अशा पायऱ्या मानतात. पहिल्या तीन कल्पनेच्या आणि प्रयोगशाळेच्या, शेवटच्या दोन बाजाराजवळच्या. मधल्या चार ते सात या पायऱ्यांवर सर्वांत जास्त प्रकल्प बुडतात. सरकारी पैशाची खरी गरज तिथं आहे.

या मधल्या पात्रासाठी भारतात वेगवेगळे प्रयोग झाले. २०१५मध्ये 'उच्चतर आविष्कार योजना' आली : प्रकल्पाचा निम्मा खर्च शिक्षण खात्याचा, पाव उद्योगाचा, पाव संबंधित दुसऱ्या मंत्रालयाचा. उद्योगाचा पाव हिस्सा महत्त्वाचा, कारण स्वतःचे पैसे घातलेला माणूस बैठकीला येतो. २०२३च्या कायद्यानं 'अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान' उभं राहिलं. पाच वर्षांत ५०,००० कोटींचा अंदाज, त्यातले १४,००० कोटी सरकारचे आणि बाकी ३६,००० कोटी उद्योग, देणगीदार वगैरेंकडून यावेत अशी अपेक्षा. अपेक्षा हा शब्द लक्षात ठेवा. देशाचा संशोधनावरचा एकूण खर्च २०२०-२१मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी क्षेत्राचा वाटा साधारण एक तृतीयांशच. पूर्वी कंपन्यांना संशोधनखर्चावर करात दुप्पट वजावट मिळायची. ती २०१७मध्ये दीडपट झाली आणि २०२०पासून खर्चाइतकीच राहिली.

१ जुलै २०२५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं एक लाख कोटींच्या संशोधन-विकास-नवोन्मेष योजनेला मंजुरी दिली. ती चौथ्या पायरीपासून पुढच्या कामासाठी आहे. पण हे अनुदान नाही. लांब मुदतीचं, कमी किंवा शून्य व्याजाचं कर्ज, किंवा भागभांडवल. म्हणजे परतफेड करू शकेल अशा कंपनीच्या सोयीचं. प्राध्यापक आणि लहान कारखानदार यांना त्यात जागा मिळायची तर कुणीतरी मध्यस्थ लागेल.

तो मध्यस्थ नागपुरातच आहे. वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, खाण मंत्रालयानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं १९८९ साली उभारलेलं. खाण मंत्रालयाची 'एस अँड टी प्रिझम' ही स्टार्टअप आणि लघुउद्योगांना संशोधनासाठी पैसे देणारी योजना हेच केंद्र राबवतं. क्रिटिकल मिनरल मिशनखाली जी उत्कृष्टता केंद्रं नेमली गेली त्यांत आपल्या राज्यातली आयआयटी मुंबई आहे. प्रत्येक केंद्रानं किमान दोन उद्योग आणि दोन संशोधनसंस्था सोबत घ्यायच्या, अशी अट आहे. नागपुरात व्हीएनआयटीचा धातुशास्त्र विभाग आहे, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आहे, मॉइलचं मुख्यालय आहे. कुहीपासून हे सगळं एका एसटीच्या अंतरावर.

हे जमतं का? जमतं. २०१६मध्ये पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, कारैकुडीची विद्युतरसायन प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही कंपनी सीएसआयआरच्या एका योजनेत एकत्र आल्या. ऑक्टोबर २०२०मध्ये देशी हायड्रोजन इंधनघटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी झाली, २०२२च्या ऑगस्टमध्ये बस दाखवली गेली. सहा वर्षं लागली, आणि तरीही ती बस बाजारात नव्हती, प्रात्यक्षिकात होती. पदार्थाच्या कामाला एवढा धीर लागतो. दरवर्षी मार्चअखेर हिशेब मागणाऱ्या अनुदानाला हा धीर मानवत नाही.

विदर्भाला हे नवीनही नाही. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रानं सुमारे ३५ लाख रुपये नागपूर विद्यापीठाला उपयोजित विज्ञानासाठी ठेवले, आणि १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. खाणीतून आलेला पैसा इथल्याच मुलांच्या शिक्षणात गेला, याचा हा धडधडीत दाखला.

जनतेच्या पैशातून निघालेलं कुणाचं?

आता मुद्द्याचं. समजा, सरकारी पैशातून कमी प्रतीचं खनिज गाळायची युक्ती सापडली. पेटंट कुणाचं? अमेरिकेत १९८०च्या कायद्यानं ते विद्यापीठाला घेता येतं. आपल्याकडे असं विधेयक डिसेंबर २००८मध्ये राज्यसभेत आलं आणि २०१४मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे आज हे प्रत्येक करारात वेगळं ठरतं. म्हणून करार होतानाच तीन गोष्टी लिहून घ्यायला हव्यात, असं आम्हाला वाटतं. कंपनीनं ठरावीक वर्षांत तंत्र वापरलं नाही तर ते दुसऱ्याला देता यावं. प्रयोग फसला तरी अहवाल खुला व्हावा, म्हणजे पुढचा माणूस त्याच खड्ड्यात पडणार नाही. आणि पाण्याचा, गाळाचा, सांडपाण्याचा अभ्यास पहिल्या दिवसापासून प्रकल्पाचा भाग असावा, नंतर जोडलेलं परिशिष्ट नको.

तिसरी गोष्ट कुहीत वेगळी सांगायला नको. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८मध्ये झालं, त्याच्या पाण्याखाली या तालुक्यातली गावं गेली. राष्ट्राच्या कामासाठी जमीन द्या, हे वाक्य इथं एकदा ऐकून झालेलं आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*खाण निघाली तं आमच्या पोट्ट्याइले काम भेटन का?*

खरं सांगायचं तर खाण निघेलच असं आज कुणी म्हणू शकत नाही. आणि निघाली तरी यंत्रांची खाण फार माणसं घेत नाही. जास्त काम पुढच्या साखळीत असतं : गाळणी, भट्टी, टूल घडवणं, तपासणी. ते इथं व्हायचं तर त्याची तयारी आयटीआय आणि पॉलिटेक्निकमधून आधी व्हावी लागेल. नाहीतर दगड इथून जाईल आणि टूल बाहेरून येईल.

*खाण न काढता टंगस्टन मिळवता येत नाही का?*

येतं, आणि हा फार चांगला प्रश्न आहे. झिजलेली विडियाची टूल्स आणि बिटची बटणं यांत टंगस्टन खाणीतल्या दगडापेक्षा कितीतरी पट जास्त असतं. ती वितळलेल्या जस्तात सुमारे ९०० अंशांवर ठेवली की जस्त कोबाल्टला धरतं, तुकडा फुगून भुसभुशीत होतो, मग निर्वातात जस्त उडवून टाकलं की कार्बाइडची भुकटी परत मिळते. सप्टेंबर २०२५मध्ये केंद्रानं महत्त्वपूर्ण खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली आहे. नागपूरच्या भंगारबाजारात हा माल किलोवर विकला जातो. तो कुणाच्या हातून कुठे जातो, हे मोजणं हाही व्हीएनआयटीच्या एखाद्या विद्यार्थ्याला आणि हिंगण्याच्या एखाद्या कारखानदाराला मिळून करता येण्याजोगा प्रकल्प आहे. त्यासाठी जमीन लागत नाही.

*आम्ही सामान्य माणसांनी काय करायचं?*

प्रश्न विचारायचे. तालुक्यात कुठल्या संस्थेनं नमुने घेतले, कुणाच्या पैशानं, निष्कर्ष काय, हे ग्रामसभेत विचारा, माहिती अधिकारात मागा. व्यापारी गुपिताच्या नावाखाली काही कागद नाकारले जातील, पण करदात्याचा पैसा किती गेला आणि अहवाल तयार झाला का, एवढं तरी कळलंच पाहिजे. आणि शाळेतल्या मुलांना एकदा अतिनील दिवा घेऊन शिवारातले दगड दाखवा. भूवैज्ञानिकाचं काम काय असतं, ते त्यांना पुस्तकाच्या आधी तिथं कळेल.