ब्राउरॉन : अस्वलकन्यांचे देवस्थान

ग्रीसमध्ये अ‍ॅटिका प्रांताच्या पूर्व किनाऱ्यावर, अथेन्सपासून सुमारे ३८ किलोमीटरवर, एरासिनोस नावाची छोटी नदी एका उथळ खाडीला मिळते. मुखाशी पाणथळ जमीन, वेत आणि लव्हाळे; जवळच एक खडकाळ टेकडी आणि तिच्या पायथ्याशी झरा. आज व्राव्रोना म्हणून ओळखले जाणारे हे ठिकाण म्हणजे आर्टेमिस देवीचे प्राचीन ब्राउरॉन. आर्टेमिस ही शिकारीची आणि रानातील श्वापदांची देवी. ती स्वतः कुमारिका, तरी लहान मुलींचा सांभाळ आणि बाळंतपणातली राखण तिच्याकडेच. ब्राउरॉनचे सगळे विधी या दोन गोष्टींभोवती फिरतात, आणि इथले खरे मोलही त्यातच आहे. ग्रीक इतिहास बहुतांशी पुरुषांनी पुरुषांविषयी लिहिला. इथे मात्र घरातल्या बायका आणि मुली आपल्या वस्तूंनिशी समोर येतात.

मुलींच्या विधीमागे एक कथा आहे. देवस्थानात एक माणसाळलेली अस्वल होती. एका मुलीने तिची खोडी काढली, अस्वलीने तिला ओरबाडले आणि मुलीच्या भावांनी अस्वलीला ठार केले. देवी कोपली, अथेन्सवर रोगराई आली. लग्नापूर्वी मुलींनी आर्टेमिससाठी ‘अस्वल व्हावे’, असा कौल मिळाला. तेव्हापासून मुली इथे येऊन हा विधी करू लागल्या. त्यांना ‘आर्क्टोई’, म्हणजे अस्वले, म्हणत. विधीचे नाव आर्क्टेइया. प्राचीन टीकाकार त्यांचे वय पाच ते दहा वर्षे सांगतात. इ.स.पू. ४११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘लायसिस्ट्राटा’ नाटकातील स्त्रिया नगरासाठी केलेल्या धर्मकार्यांची यादी देताना केशरी वस्त्रातल्या या अस्वलपणाचाही अभिमानाने उल्लेख करतात.

विधीत नेमके काय होत असे, हे मातीच्या छोट्या भांड्यांवरून थोडेफार कळते. ‘क्रातेरिस्कोस’ नावाची ही भांडी ब्राउरॉनला आणि अ‍ॅटिकातील आर्टेमिसच्या इतर स्थानांवरही सापडली आहेत. त्यांवर मुली धावताना, नाचताना दिसतात. काही आखूड अंगरख्यात, काही विवस्त्र. शेजारी वेदी आणि ताडासारखे झाड असते. धावणे, नाचणे आणि देवीची सेवा हा विधीचा गाभा असावा. बालपणातला रानटीपणा देवीच्या अंगणात मनसोक्त जगून घ्यायचा आणि मग संसाराकडे वळायचे, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात.

‘ब्राउरोनिया’ हा मोठा उत्सव दर चार वर्षांनी भरे आणि त्याची व्यवस्था अथेन्स नगरराज्याने नेमलेले अधिकारी पाहत. अथेन्समधल्या अक्रोपोलिस टेकडीवरही ब्राउरॉनच्या आर्टेमिसचे एक आवार होते, त्यामुळे नगर आणि हे दूरचे देवस्थान एकमेकांशी बांधलेले होते.

ब्राउरॉनला नदीच्या प्रवाहावरचा प्राचीन दगडी पूल आजही उभा आहे, पण देवळाचा आता केवळ पाया उरला आहे. लक्ष वेधून घेतो तो इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, तीन बाजूंनी अंगणाला वेढणारा डोरिक शैलीचा स्तंभमंडप. त्यामागच्या खोल्यांत भिंतींलगत मंचकांच्या जागा दिसतात. त्या मुलींच्या निजण्याच्या खोल्या असाव्यात, असे आधी मानले गेले; आता त्यांना उत्सवातील भोजनाची दालने समजतात.

बाळंतपणातून सुखरूप सुटका झालेल्या स्त्रिया आर्टेमिसला वस्त्रे वाहत. युरिपिडीसच्या ‘टॉरिसमधील इफिजिनिया’ या नाटकात याची दुसरी बाजू येते. अगामेम्नॉनची कन्या इफिजिनिया ब्राउरॉनला देवीची पुजारीण होईल, तिथेच तिला पुरले जाईल आणि बाळंतपणात मरण पावलेल्या स्त्रियांची तलम वस्त्रे तिला वाहिली जातील, असे अथेना देवी सांगते. जगलेल्या आणि दगावलेल्या, दोघींसाठीही एकाच देवस्थानात जागा ठेवणारी ही योजना विलक्षण करुण आहे.

ही वस्त्रे केव्हाच कुजली, पण त्यांच्या याद्या उरल्या. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या या याद्या संगमरवरावर कोरलेल्या असून अक्रोपोलिसवर सापडल्या. वस्त्राचा प्रकार, रंग, काठ आणि वाहणारीचे नाव, बरेचदा नवऱ्याच्या नावासह, त्यांत नोंदले आहे. काही वस्त्रे अर्धवट विणलेली होती, तर काही देवीच्या मूर्तीलाच नेसवलेली. अथेन्सच्या सामान्य स्त्रियांची इतकी नावे एकत्र मिळण्याची ठिकाणे फार थोडी आहेत.

इ.स.पू. तिसऱ्या शतकात एरासिनोसच्या पुरांनी आणि गाळाने देवस्थान ओस पडले. त्याच गाळाने बरेच काही जपलेही. पुरातत्त्वज्ञ इओआनिस पापादिमित्रिऊ यांनी १९४८ मध्ये उत्खनन सुरू केले आणि १९६३ मधील त्यांच्या मृत्यूपर्यंत ते चालले. पवित्र झऱ्याच्या चिखलातून आरसे, दागिने आणि एरवी न टिकणाऱ्या लाकडी वस्तूही निघाल्या. स्तंभमंडपाचे काही खांब याच काळात पुन्हा उभारले गेले.

जवळच्या संग्रहालयात लहान मुलींचे संगमरवरी पुतळे आहेत. कुणाच्या हातात पक्षी, कुणाच्या कुशीत ससा. मुलांचेही पुतळे आहेत, म्हणजे आईबाप मुलग्यांसाठीही इथे नवस फेडत. बलीचा बैल घेऊन, मुलाबाळांसह आर्टेमिससमोर आलेले एक अख्खे कुटुंब एका शिल्पपटावर कोरलेले आहे. तो अरिस्तोनिके नावाच्या स्त्रीने वाहिला होता.