संदेश पोहोचला, पण अर्थ?

पुढे दिलेल्या प्रसंगासारखा एखादा प्रसंग तुमच्याही वर्गात घडला असेल.

दहावीतील दोन मैत्रिणी विज्ञान प्रदर्शनासाठी मिळून पवनचक्कीची प्रतिकृती तयार करीत होत्या. एके रात्री पहिलीने उरलेले काम एकटीनेच पुरे केले आणि आनंदाने त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर दुसरीला पाठवले. लगेच उत्तर आले, "वा! सगळं तूच केलंस. आता आमची गरजच काय!"

लिहिणारीने हे हसत हसत, कौतुकाने लिहिले होते. वाचणारीला मात्र त्यात टोमणा दिसला. तिने उत्तर दिले नाही. इकडे संदेशापुढे दोन निळ्या खुणा उमटल्या; म्हणजे संदेश वाचला गेला होता. तरीही उत्तर नाही, म्हणून दुसरीही रुसली. पुढचे तीन दिवस दोघी एकाच बाकावर बसल्या, पण एकमेकींशी चकार शब्द बोलल्या नाहीत.

संदेशातले एकही अक्षर वाटेत गळले नव्हते. मग बिघडले कोठे?

बाकावर वाजणारे गाणे

याचे उत्तर शोधण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. सर्वांच्या परिचयाचे एखादे गाणे मनातल्या मनात म्हणा आणि त्याचा फक्त ठेका बोटांनी बाकावर वाजवा. शेजारच्या मित्राला गाणे ओळखायला सांगा. तुम्हाला वाटेल, 'इतके सोपे गाणे! हा चटकन ओळखील.' पण बहुधा तो गोंधळून तुमच्याकडे पाहत राहील.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन या संशोधिकेने १९९० साली हाच प्रयोग केला. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की, निम्मी गाणी तरी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० गाण्यांपैकी ओळखली गेली अवघी ३!

याचे कारण उघड आहे. वाजवणाऱ्याच्या मनात सूर, शब्द, वाद्ये असे सारे काही चालू असते. ऐकणाऱ्याच्या कानी पडते ती केवळ टकटक. आपल्याला जे ऐकू येते ते समोरच्याला येत नाही, याचे भान वाजवणाऱ्याला राहत नाही.

लिहिलेल्या संदेशाचेही तसेच आहे. लिहिताना आपला आवाज, आपले हसू आपल्या मनात असते. पलीकडे जातात ती फक्त अक्षरे.

आवाज आणि अक्षर

ही गोष्ट मोजून पाहता येईल काय? जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मोजली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या जोड्या होत्या. एकाने काही वाक्ये गंभीरपणे, तर काही उपरोधाने सांगायची आणि दुसऱ्याने त्यातला भाव ओळखायचा. काही वाक्ये ई-मेलने, म्हणजे लिहून पाठवली, काही बोलून.

पाठवणाऱ्यांना वाटले की, दोन्ही प्रकारांत सुमारे ७८ टक्के वाक्यांचा भाव बरोबर ओळखला जाईल. बोललेल्या वाक्यांच्या बाबतीत हा अंदाज फारसा चुकला नाही; ७३ टक्के उत्तरे बरोबर आली. लिहिलेल्या वाक्यांच्या बाबतीत मात्र प्रमाण ५६ टक्क्यांवर घसरले. नाणे उडवून उत्तर दिले असते, तरी ५० टक्के बरोबर आलेच असते!

याहून नवलाची गोष्ट अशी की, वाचणाऱ्यांनाही आपण भाव बरोबर ओळखला याची चांगलीच खात्री होती. आपल्या दोन मैत्रिणींचे नेमके हेच झाले. एकीला वाटले, माझी थट्टा तिला कळली असणार. दुसरीला वाटले, तिचा टोमणा मला बरोबर कळला. खात्री दोघींना होती, म्हणून विचारले कोणीच नाही.

चेहरा वाचण्याचा सराव

समोरासमोर बोलताना आपण नुसते शब्द ऐकत नाही. भुवया, डोळे, ओठांचे कोपरे, आवाजातला चढउतार यांवरूनही आपण अर्थ लावतो. हे कौशल्य माणसांत वावरून वाढते. मग पडद्यापासून दूर राहिल्यास ते सुधारते काय?

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील यालदा उल्स आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहावीतील ५१ मुले पाच दिवस निसर्ग शिबिरात राहिली. तेथे मोबाइल, दूरदर्शन, संगणक काहीही नव्हते. दुसरी ५४ मुले नेहमीप्रमाणे घरी-शाळेत होती. चेहऱ्यांची ४८ छायाचित्रे दाखवून प्रत्येक चेहऱ्यावरचा भाव ओळखण्याची चाचणी दोन्ही गटांना आधी आणि नंतर दिली. शिबिरातील मुलांच्या चुका सरासरी १४ वरून सुमारे साडेनऊवर आल्या.

येथे दुसऱ्या गटाचे महत्त्व ध्यानात घ्या. त्या मुलांच्या चुकाही सुमारे १२ वरून १० च्या आसपास आल्या, कारण एकच चाचणी पुन्हा देताना सराव होतोच. परंतु शिबिरातील मुलांची सुधारणा त्याहून अधिक होती. तुलनेसाठी हा गट नसता, तर सगळे श्रेय शिबिराला देऊन आपण फसलो असतो! अर्थात, ही सुधारणा पडदा नसल्यामुळे झाली की दिवसभर मित्रांच्या सहवासामुळे, हे या प्रयोगावरून सांगता येत नाही.

म्हणजे मोबाइल वाईटच काय?

असा निष्कर्ष घाईचा ठरेल. अमेरिका व ब्रिटनमधील साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीन मुलांची माहिती तपासून एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९ साली दाखवून दिले की, मुलामुलांच्या मानसिक स्वास्थ्यात जो फरक आढळतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी निगडित आहे. शिवाय, परगावी गेलेल्या मित्राशी नाते टिकते ते याच साधनांमुळे. व्हिडिओ कॉलवर तर चेहरा आणि आवाज दोन्ही असतात.

तेव्हा प्रश्न साधनाचा नाही, निवडीचा आहे. सहलीची वेळ, गृहपाठाचे पान कळवायला अक्षरे पुरेशी आहेत. थट्टा, तक्रार आणि क्षमायाचना यांना मात्र आवाज लागतो.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने दहा वाक्ये तयार करा. पाच गंभीर, पाच थट्टेची. अर्ध्या वर्गाला ती फक्त लिहून द्या. उरलेल्या अर्ध्या वर्गाला पाठ करून बसवा आणि ती वाचून दाखवा. प्रत्येकाने प्रत्येक वाक्याचा भाव नोंदवावा. वाक्ये लिहिणाऱ्याने किती उत्तरे बरोबर येतील याचा अंदाज आधीच कागदावर लिहून ठेवावा. मग आकडे ताडून पाहा.

आणि त्या दोन मैत्रिणी? चौथ्या दिवशी पवनचक्कीचे पाते सुटले. ते धरायला दोन हात पुरेनात. पाते धरता धरता दुसरी म्हणाली, "अगं, मी गमतीनं लिहिलं होतं." पहिलीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि तीन दिवसांत न उलगडलेला अर्थ तिला एका क्षणात कळला.