चेंडू आपल्याकडे येईनासा होतो तेव्हा

किपलिंग विल्यम्स हा मानसशास्त्रज्ञ एकदा कुत्र्याला घेऊन बागेत बसला होता. दोन अनोळखी माणसांची फ्रिस्बी येऊन त्याला लागली. त्यानं ती परत फेकली, मग त्यांनी पुन्हा त्याच्याकडे टाकली. तिघांचा खेळ रंगतोय तोच त्या दोघांनी त्याला वगळून आपापसात खेळायला सुरुवात केली. ना ओळख ना पाळख, तरी त्याच्या ते मनाला लागलं. त्यातूनच पुढे ‘सायबरबॉल’ हा प्रयोग जन्मला.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तीन खेळाडू, त्यांतले एक तुम्ही. सुरुवातीला एक-दोनदा चेंडू तुमच्याकडे येतो, नंतर येतच नाही. दोघं एकमेकांकडे टाकत राहतात. बस, एवढंच. पण काही मिनिटांत माणसाचा चेहरा उतरतो, आपण कुणाच्या खिजगणतीत नाही असं वाटू लागतं. 2004 मधल्या प्रयोगात तर लोकांना आधीच सांगून टाकलं होतं, की समोर माणसं नाहीत, नुसता कॉम्प्युटर खेळतोय. तरी लागायचं ते लागलंच! लंडनमधल्या संशोधकांना 2010 मध्ये दिसलं, की असं वगळल्यावर किशोरवयीन मुलींचा मूड प्रौढ बायकांपेक्षा जास्त खालावतो.

शाळेत हा खेळ मिनिटांत संपत नाही. डबा खाताना सगळ्या सरकून बसतात, प्रोजेक्टच्या गटात कुणी घेत नाही, एकीला सोडून व्हॉट्सॲपवर नवा ग्रुप निघतो. अंगावर ओरखडा नसतो, म्हणून मोठी माणसं ‘चालायचंच’ म्हणतात. पण असं वगळणं हाही छळच. ब्रिटनमध्ये 1958 च्या एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा माग संशोधकांनी पन्नाशीपर्यंत काढला. सातव्या आणि अकराव्या वर्षी ज्यांचा इतर मुलांकडून वारंवार छळ झाला होता, त्यांच्यात पंचेचाळिसाव्या वर्षीही नैराश्य आणि चिंताविकार अधिक आढळले. घरची परिस्थिती, बुद्ध्यांक हे सगळं हिशेबात धरूनसुद्धा!

मला मात्र सगळ्यात थक्क करतं ते टोरांटोतल्या शाळांच्या मैदानांवरचं चित्रीकरण. संशोधक डेब्रा पेपलर, वेंडी क्रेग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिकच्या मुलांना बिनतारी मायक्रोफोन लावले आणि लांबून कॅमेरा रोखला. छळाच्या बहुतेक प्रसंगांत भोवती बघे होते. मध्ये पडणारे थोडेच, साधारण पाचांत एका प्रसंगात. पण कुणी मध्ये पडलं, की निम्म्याहून अधिक वेळा छळ 10 सेकंदांच्या आत थांबला. 10 सेकंद! शिक्षक वर्गातून मैदानावर येईपर्यंतसुद्धा याहून जास्त वेळ जातो.

फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम उभा केला तो या बघ्यांवरच भिस्त ठेवून. त्यात छळणाऱ्याशी बोलणं होतंच, शिवाय शिक्षक वर्गातल्या दोन ते चार मुलांना बाजूला बोलावतात. वर्गात ज्यांचं वजन आहे, अशी मुलं. या एकट्या पडलेल्या मुलासाठी तुम्हाला काय करता येईल, असं त्यांनाच विचारतात, आणि मग ती मुलं आपणहून त्याच्याशेजारी जाऊन बसायचं ठरवतात.