सहल सहकुटुंब, खर्च बेताचा

सुट्टी संपवून मुले शाळेत परततात, तेव्हा वर्गातील एखादा मित्र थीम पार्कला जाऊन आलेला असतो. उंचावरून कोसळणाऱ्या पाण्याची, डोके खाली नि पाय वर करून धावणाऱ्या गाडीची वर्णने मधल्या सुट्टीत रंगतात आणि संध्याकाळी तीच वर्णने आपल्या घरी येऊन पोहोचतात. "बाबा, आपण केव्हा जायचे?" हा प्रश्न साधाच, परंतु ज्या घरात महिन्याच्या वीस तारखेनंतर दुधाचा हिशेबही जपून करावा लागतो, त्या घरच्या कर्त्या माणसाला त्याचे उत्तर सोपे नसते. "पुढच्या वर्षी पाहू" असे म्हटले जाते. पुढचे वर्ष येते आणि जाते. काही घरांतून याच्या अगदी उलट घडते. मुलांचा हिरमोड नको म्हणून एखाद्या रविवारी अचानक निघण्याचे ठरते. दारावर पैसे मोजताना आईचा चेहरा उतरतो. आत प्रत्येक दुकानापाशी "नको, नको" म्हणावे लागते आणि घरी आल्यावर तीन महिने कार्डावरचे देणे फेडीत बसावे लागते.

वाचकहो, या दोहोंपैकी एकही मार्ग पत्करण्याचे कारण नाही. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबालाही अशी सहल करता येते. मात्र ती दाराशी पोहोचण्यापूर्वी, घरच्या जेवणाच्या ताटावर बसून ठरवावयास हवी आणि त्या ठरवण्यात मुलांना सहभागी करून घ्यावयास हवे.

जत्रा आणि उद्यान

अशा उद्यानांची कल्पना कशी सुचली, हे जाणून घेण्यासारखे आहे. वॉल्ट डिस्ने हे आपल्या दोन मुलींना सुट्टीच्या दिवशी लॉस एंजेलिस येथील ग्रिफिथ पार्कमध्ये नेत असत. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि वडील एका बाकावर बसून त्यांची वाट पाहत. मुलांना व वडीलधाऱ्यांना एकत्र रमता येईल अशी एखादी जागा का असू नये, असे त्यांच्या मनात आले. या विचारातून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड सुरू झाले. आरंभी तेथे प्रवेशाचे पैसे थोडे असत आणि प्रत्येक खेळासाठी निराळे कूपन फाडावे लागे. १९८२ साली ही पद्धत बंद झाली व एकदाच तिकीट काढून आतील सर्व खेळ खेळण्याची पद्धत रूढ झाली.

आपल्या देशात दिल्लीचे अप्पू घर १९८४ साली उघडले व २००८ साली बंद झाले. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली सुरू झालेल्या एस्सेल वर्ल्डला होडीने गेल्याची आठवण आज चाळिशीत असलेल्या पुष्कळांना असेल. तेही २०२२ साली बंद झाले. कोलकात्याचे निको पार्क १९९१ सालचे. कोचीजवळ २००० साली व बंगळुरूजवळ बिडदी येथे २००५ साली जी उद्याने निघाली, ती आज वंडरला या नावाने ओळखली जातात. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ इमॅजिका हे उद्यान २०१३ साली सुरू झाले.

गावच्या जत्रेत पाळण्यागणिक पैसे द्यावे लागतात. खिशातील नाणी संपली की जत्रा संपली. येथे बहुतेक खर्च दारातच होऊन जातो. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक, आत गेल्यावर वेळ हाच पैसा होय. जो तास रांगेत किंवा वादात गेला, तो विकत घेऊन वाया घालवला असे समजावे. दुसरी, तिकिटाचा आकडा आधीच ठाऊक असल्याने अंदाजपत्रक बहुधा तिकिटाने कोलमडत नाही. ते कोलमडते खाण्यापिण्याने, आयत्या वेळच्या भाड्याच्या मोटारीने आणि "एवढे काय, घेऊन टाकू" म्हणून घेतलेल्या लहानसहान वस्तूंनी.

अंदाजपत्रक कसे करावे

एक कोरा कागद घ्यावा व त्यावर पाच रकाने आखावेत : प्रवास, प्रवेश, खाणे, मुक्काम आणि किरकोळ. पहिल्या दोहोंचे आकडे घरबसल्या निश्चित करता येतात. तिसऱ्यासाठी आपणच मर्यादा घालावयाची असते. चौथा रकाना शक्य तो कोराच राहील असे पाहावे. पाचव्यात एकूण रकमेचा दहावा हिस्सा राखून ठेवावा, कारण चप्पल तुटणे, डोके दुखणे, गाडी चुकणे यांना कोणतीही योजना रोखू शकत नाही.

समजा, चौघांच्या सहलीचा हिशेब ७,२०० रुपये झाला. ही रक्कम एकदम उभी करणे कठीण; पण दरमहा ६०० रुपये बाजूला काढल्यास ती एका वर्षात जमते. बँकेत बारा महिन्यांची आवर्ती ठेव उघडल्यास ते पैसे हाताशी राहत नाहीत, म्हणून टिकतात. ज्या सहलीसाठी वर्षभर थोडे थोडे साठवले, तिचा आनंदही वर्षभर आधीपासून मिळू लागतो, असा अनेक घरांचा अनुभव आहे. कर्ज काढून केलेल्या सहलीत नेमके याच्या उलट होते. आनंद आधी संपतो आणि हप्ते मागे उरतात.

प्रवेशाच्या तिकिटात बचतीला बराच वाव आहे. शनिवार, रविवार व सणासुदीचे दर पुष्कळ ठिकाणी अधिक असतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी दर कमी आणि गर्दीही कमी. आगाऊ तिकीट काढणाऱ्यास, महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवणाऱ्यास किंवा समूहाने येणाऱ्यास सूट मिळते का, हे उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे अथवा दूरध्वनीवर विचारावे. दर पाहताना त्यात कर धरला आहे किंवा नाही, हे अवश्य वाचावे. अशा उद्यानांच्या प्रवेशावर २०१७ साली २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला. १८ टक्के म्हणजे हजारामागे १८० रुपये. चौघांच्या हिशेबात हा आकडा विसरला, तर दारावरच तोंडाला कोरड पडते.

जाणे, येणे आणि जोडीचे ठिकाण

प्रवासात सर्वांत महाग पडते ती घाई. रेल्वेत पाच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडे पडते, न घेतल्यास निम्मे. रात्रीचा प्रवास नसेल, तर लहान मूल आईजवळ बसूनही जाऊ शकते. महाराष्ट्राच्या एसटी बसगाड्यांत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आहे. कर्नाटकात राहणाऱ्या महिलांना जून २०२३ पासून तेथील शासकीय साध्या बसगाड्यांतून राज्यात विनामूल्य प्रवास करता येतो. बेळगाव किंवा बंगळुरू येथील मराठी कुटुंबाने हे ध्यानात ठेवावे.

खोपोलीचे उदाहरण घेऊ. मुंबई, ठाणे, कल्याण येथील कुटुंबाला कर्जतमार्गे उपनगरी गाडीने खोपोलीस जाता येते. तेथून पालीच्या रस्त्याने पुढे जावे लागते. चौघांसाठी मोटार भाड्याने घेण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी स्वस्त आहे. त्याला वेळ मात्र अधिक लागतो, म्हणून पहाटेच घर सोडावे. याच परिसरात अष्टविनायकांपैकी दोन स्थाने आहेत. महडचा वरदविनायक खोपोलीच्या जवळ आहे आणि पालीचा बल्लाळेश्वर त्याच रस्त्यावर पुढे आहे. घरात आजी-आजोबा असतील, तर एकाच प्रवासखर्चात त्यांचे देवदर्शन व नातवंडांची मौज असा दुहेरी हेतू साधतो. तद्वत् बिडदी हे बंगळुरू-म्हैसूर रेल्वेमार्गावरील स्थानक आहे. म्हैसूरची सहल करणाऱ्याने एक दिवस वाटेत काढला, तर निराळा लांबचा प्रवास करावा लागत नाही. आणि रविवारी म्हैसूरला पोहोचल्यास रात्री हजारो दिव्यांनी उजळलेला राजवाडाही मुलांना दाखवता येतो.

आतला दिवस

येथे स्वत:ची एक चूक सांगण्यास हरकत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही एका उद्यानात गेलो, ते मुख्यत: तेथील मोठ्या रोलर कोस्टरसाठी. धाकटा मुलगा महिनाभर त्याच्याविषयीच बोलत होता. पाऊण तास रांगेत उभे राहिल्यावर रखवालदाराने त्याला उंचीच्या पट्टीशी उभे केले. तो चार बोटे कमी भरला. नियम सुरक्षिततेसाठीच होता, त्यात कोणाचा दोष नव्हता. परंतु त्या मुलाचे रडणे थांबवण्यासाठी आम्ही आइस्क्रीम, मग खेळणे, मग आणखी काही असे घेत गेलो. त्या दिवशीचा आमचा हिशेब तेथेच बिघडला.

तेव्हापासून आमच्या घरी निघण्यापूर्वी दाराच्या चौकटीशी मुलांची उंची मोजली जाते. पुष्कळ उद्यानांत लहान मुलाचे तिकीट वयावर नसून उंचीवर असते आणि मोठ्या खेळांसाठीही ठराविक उंची लागते. दोन्ही माहिती आधी मिळवावी आणि कोणत्या खेळात आपल्याला बसता येणार नाही, हे मुलाला घरीच सांगावे. घरी ऐकलेला नकार मूल पचवते. रांगेच्या टोकाशी आलेला नकार त्याला पचत नाही.

दार उघडण्यापूर्वी पोहोचावे. ज्या खेळांसाठी सर्वाधिक गर्दी होते, ते पहिल्या तासा-दीड तासात उरकावेत. लोक जेवावयास बसतात त्या वेळी रांगा कमी असतात. म्हणून आपण थोडे लवकर किंवा थोडे उशिरा जेवावे. बाहेरचे खाद्यपदार्थ बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. तेव्हा सकाळी पोहे, पराठे, उकडलेली अंडी अशी पोटभर न्याहारी करूनच निघावे आणि आत एकदाच नीट जेवावे. तान्ह्या मुलाचे अन्न व औषधे यांविषयी बहुधा अडचण येत नाही, तथापि आधी विचारलेले बरे. पिण्याच्या पाण्याची सोय कोठे आहे हे आत शिरतानाच पाहून ठेवावे. उन्हाळ्यात बाटल्या विकत घेण्यातच मोठी रक्कम जाते.

पाण्याच्या खेळांत सुती कपडे चालत नाहीत. नायलॉनचे किंवा तत्सम कपडे लागतात. ते तेथे भाड्याने अथवा विकत घेण्यापेक्षा घरून न्यावेत. टॉवेल, कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि ओल्या कपड्यांसाठी पिशवी, एवढे सोबत असले म्हणजे पुरे. चौघांचे सामान एकाच लॉकरमध्ये मावेल इतकेच न्यावे.

मुलांच्या हाती हिशेब

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्याकडे पैशाची अडचण मुलांपासून लपवण्याची पद्धत आहे. ती प्रेमापोटी असते. परंतु त्यामुळे मुलाला दिसते ते एवढेच की, आई-वडील दिवसभर प्रत्येक गोष्टीला नाही म्हणत होते. अंदाजपत्रकाचा तो कागद मुलांसमोर ठेवावा. आठ-दहा वर्षांच्या मुलाला बेरीज-वजाबाकी येते आणि घरची परिस्थिती आपल्या समजुतीपेक्षा अधिक कळते.

आमच्या दुसऱ्या सहलीच्या वेळी आम्ही दोन्ही मुलांना प्रत्येकी दीडशे रुपये दिले व सांगितले, "हे तुमचे. कशावर खर्च करायचे ते तुम्ही ठरवा. संपले म्हणजे संपले." मुलाने पहिल्या अर्ध्या तासातच दिव्यांचा एक पंखा घेतला आणि दुपारपर्यंत तो मोडला. त्याने दुसरा मागितला नाही. मुलीने दिवसभर प्रत्येक दुकान पाहिले, वस्तू हातात घेतल्या, किमती वाचल्या आणि परत ठेवल्या. परतीच्या वाटेवर कर्जतच्या फलाटावर ती उतरली आणि आम्हा चौघांसाठी गरम वडापाव घेऊन आली. "आता माझ्याकडून," ती म्हणाली. त्या दिवशीच्या साऱ्या खेळांपैकी आज मुलांना दोन-तीनच आठवतात. तो वडापाव मात्र घरात वरचेवर निघतो.

ज्या कुटुंबाला या वर्षी हेही शक्य नसेल, त्यांनी मनात न्यूनता बाळगू नये. गावच्या जत्रेतील पाळण्यातही आई-वडिलांना मुलांच्या शेजारी बसता येते. तेवढ्यासाठी मोठ्या उद्यानाचे दार लागत नाही. मात्र ज्यांना जावयाचे आहे, त्यांनी "पुढच्या वर्षी पाहू" हे उत्तर आता बदलावे. आज रात्री जेवणानंतर कागद घ्यावा, पाच रकाने आखावेत आणि पहिल्या महिन्याची रक्कम मुलांच्या हातूनच बाजूला ठेववावी. त्यांना तारीख सांगता आली नाही तरी चालेल. आपण जाणार आहोत आणि ते सर्वांच्या हिशेबाने, एवढे त्यांना कळले म्हणजे सहलीला आरंभ झालाच.