राजवाडा आज बंद आहे

बँकॉकचा ग्रँड पॅलेस पहिल्या राम राजाने १७८२ मध्ये बांधायला घेतला. राजघराण्याचे समारंभ वगळता तो रोज सकाळी साडेआठला उघडतो. तरीही बाहेरच्या पदपथावर ‘आज बंद आहे’ असे सांगणारा सद्गृहस्थ परदेशी पाहुण्याला भेटतोच. अंगात इस्त्रीचा शर्ट, कधी गळ्यात ओळखपत्र. कारणही पटण्याजोगे: भिक्खूंची पूजा चालू आहे, एकपर्यंत फक्त थाई लोकांना प्रवेश. थापेत थोडे सत्यही कालवलेले असते, कारण तोकड्या कपड्यांत आत सोडत नाहीत हे खरेच आहे.

हा माणूस पैसे मागत नाही. तो नकाशावर दोन-तीन देवळांभोवती गोल काढतो आणि टुकटुक थांबवतो. भाडे फक्त वीस बाथ. एवढ्यात इंधनाचा खर्चही सुटायचा नाही. पण घासाघीस करून दमलेला प्रवासी इथे संशय घेण्याऐवजी खूश होतो. चालकाची खरी कमाई दुकानाकडून मिळणाऱ्या कमिशनची आणि इंधनाच्या कुपनांची. देवळात ‘योगायोगाने’ दुसरा भेटतो. तो स्वतःला शिक्षक किंवा वकील म्हणवतो आणि गप्पांच्या ओघात सहज सांगून जातो, की सरकारी रत्नविक्रीचा आज शेवटचा दिवस, हेच खडे मायदेशी दुपटीने खपतात. अशी सरकारी विक्री मुळात नसतेच. पुढचा थांबा अर्थातच रत्नांचे दुकान.

यात फसणारे बावळट असतात, हा समज चुकीचा आहे. उलट ते पडताळणी करतात. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोघा-तिघांनी तीच गोष्ट सांगितली, तर व्यवहारात आपण ती खरी धरतोच. भामट्यांचे सारे भांडवल तेवढेच. या साक्षीदारांपैकी एकही प्रवाशाने स्वतः निवडलेला नाही, सगळे आपणहून जवळ आलेले, हे मात्र नजरेतून सुटते. शंभर पावलांवरच्या तिकीटखिडकीशी जाऊन विचारले असते, तर बनाव तिथेच संपला असता.

‘खडा नकली तर नाही ना?’ ही शंकाही फारशी उपयोगी पडत नाही. चंथाबुरीची बाजारपेठ माणिक-नीलमांसाठी खरोखरच नावाजलेली आहे आणि दुकानातला नीलम बरेचदा अस्सलच असतो, फक्त हलक्या प्रतीचा आणि कित्येक पट किमतीचा. शिवाय दुकानदार तो टपालाने घरी पाठवण्याचा आग्रह धरतो, म्हणजे शहरात दुसऱ्या सराफाला दाखवायची सोय उरत नाही.

गटाने, मार्गदर्शकासोबत जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या वाट्याला हे सहसा येत नाही. एकटादुकटा फिरणारा सापडतो. आणि हा खेळ थायलंडपुरता नाही. नवी दिल्ली स्टेशनच्या पहाडगंज बाजूला पहिल्या मजल्यावर परदेशी प्रवाशांसाठी रेल्वेचे आरक्षण कार्यालय आहे. ते बंद झाले, हलवले किंवा जळाले असे सांगून त्यांना खासगी एजंटाच्या दुकानात नेण्याचा धंदा जुनाच आहे.

बँकॉकमध्ये तक्रारीसाठी पर्यटक पोलिसांचा ११५५ हा क्रमांक आहे. पण खडा खरा, पावती रीतसर आणि खरेदी राजीखुशीची असली, की गुन्हा सिद्ध करणे कठीण जाते. मग बरेचदा दुकानदार काही रक्कम कापून उरलेली परत देतो आणि प्रकरण मिटवतो.